सातची बेल

"रविवारी संध्याकाळी बेल वाजणार म्हणजे वाजणार. सातच्या ठोक्याला. लिहून ठेव."

हे वाक्य ज्याने छातीठोकपणे म्हटलं, त्याचं ऑफिसातलं नाव होईलराव. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. साहेबांनी काहीही विचारलं की हा म्हणायचा, "होईल." प्रोग्राम बसेल का? होईल. सोमवारपर्यंत? होईल. आणि बहुतेक वेळा व्हायचंसुद्धा. जरा वाकडंतिकडं, पण व्हायचं. त्यामुळे साहेब खूश होते आणि हा त्याहून खूश होता.

समोर बसलेली ताई मात्र खूश नव्हती.

"तुझं होईल मला लहानपणापासून पाठ आहे," ती म्हणाली. "मी रविवारी येते. बेल वाजली आणि आई पोटभर जेवली, तर प्रश्नच नाही. नाही तर सोमवारी मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार. इथे कुलूप. तू तुझी खोली बघ कुठेतरी."

"अगं पण ती येईल का?"

"न यायला काय झालं? तिचे खांदे बघितलेस? कपड्याच्या हँगरसारखे दिसतायत. तू एकाच घरात राहतोस ना रे तिच्याबरोबर?"

आई दोघांच्या मधे बसून मटार सोलत होती. "माझ्याबद्दल बोलताय का?" तिने विचारलं.

"नाही गं," दोघं एकदम म्हणाली.

"मग जरा मोठ्याने बोला, मलाही ऐकू दे."

आता ही बेल काय भानगड आहे ते सांगायला हवं, नाही तर तुम्ही म्हणाल, बाई जेवत नाही तर डॉक्टरकडे न्या, बेल कसली वाजवताय.

होईलरावाचे बाबा पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात दुरुस्ती खात्यात होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला घरी यायचे. किल्ली खिशात असायची, पण ती त्यांनी जन्मात कधी लावली नाही. बोट बेलवर. दोनदा. आई हातातलं काम टाकून दार उघडायची आणि म्हणायची, "उशीर झाला." बाबा म्हणायचे, "बस चुकली." मग पानं वाढली जायची. पस्तीस वर्षं संसार या दोन वाक्यांवर चालला म्हटलं तरी चालेल.

पुढे बाबा निवृत्त झाले. दिवसभर घरातच. पण संध्याकाळ झाली की आईचे कान दाराकडे लागायचे, आणि समोर खुर्चीत जिवंत नवरा बसलेला असताना तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बाबांनी ते बघितलं. कारखान्यातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर त्यांनी टेंपोत घालून घरी आणला होता. त्याच्यावर त्यांनी पाण्याचा पंप जोडला होता, जिन्यातला दिवा जोडला होता. आता दारावरची बेलही जोडली. संध्याकाळी बेल दोनदा वाजायची, आई उठून दार उघडायची, बाहेर कोणी नाही, आणि पाठीमागून खुर्चीतून आवाज यायचा, "आलो बरं का."

"उशीर झाला," आई दाराकडे बघूनच म्हणायची.

"बस चुकली."

असला पोरकटपणा म्हातारपणी शोभतो का, असं ताई म्हणायची. इथे आली की हसायची मात्र.

मागच्या वर्षी बाबा गेले. कॉम्प्युटरला ते कोणी सांगितलं नाही. तो बेल वाजवत राहिला. होईलराव एकदा तापाने घरी पडला होता तेव्हा त्याने ते पाहिलं. बेल वाजली, आईने केस सारखे केले, दार उघडलं, रिकाम्या जिन्याला "उशीर झाला" म्हणाली, दार लावलं, आणि आत येऊन पान वाढून जेवायला बसली. होईलरावाने पांघरूण डोक्यावर ओढलं.

आणि मग काही आठवड्यांपूर्वी त्या कॉम्प्युटरची डिस्क बसली. सातची बेल बंद. तेव्हापासून आई पान वाढून दाराकडे बघत बसायची. अन्न गार व्हायचं. मग ते झाकून ठेवायची. होईलराव ऑफिसातून कधीही उगवायचा. आईची झोपमोड नको म्हणून आपल्या किल्लीने चोरासारखा आत यायचा, झाकलेलं खायचा आणि मनात म्हणायचा, आई जेवली असेल. जे झाकलेलं तो खात होता ते तिचंच होतं, हे ताईने ओळखलं. याने नाही.

तर असा सगळा प्रकार. म्हणून बेल.

वरवर पाहता काम सोपं होतं. त्या कॉम्प्युटरला बाबा म्हातारबा म्हणायचे. म्हातारबाची ऑपरेटिंग सिस्टीम जगात आता कोणी वापरत नाही. ती बनवणारी कंपनी होईलराव शाळेत असतानाच बंद पडली. नवा कॉम्प्युटर घ्यावा तर पंपाच्या, बेलच्या तारा ज्याला जोडल्यात ते जुनं कार्ड त्याला ओळखायला तयार नाही. म्हणजे म्हातारबाला पर्याय नाही. सिस्टीमची आणि बाबांनी लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत सुदैवाने वेगळी सापडली, ती नव्या डिस्कवर चढवली. पण तो ज्या भाषेत लिहिला होता, ती भाषा म्हातारबाला समजावून सांगणारा दुभाष्या जुन्या डिस्कबरोबर गेला. तो दुभाष्या पुन्हा बांधायचा, म्हणजे म्हातारबावर नव्याने तयार करायचा, एवढंच. भाषा तर आजही लोक वापरतात. फुकट मिळते. उतरवून घ्यायची, बांधायची, बेल वाजवायची.

"होईल," होईलराव म्हणाला आणि शनिवारी सकाळी बाह्या सावरून म्हातारबासमोर बसला.

ही भाषा बांधण्याआधी एक तपासनीस प्रोग्राम चालवावा लागतो. भाड्याने घर बघायला आलेल्या बाईसारखा तो सगळीकडे डोकावतो. नळ आहे का? आहे. खिडकी उघडते का? उघडते. कडी लागते का? बघू. सगळं मनासारखं असलं की मग सामान आत. होईलरावाने तपासनीस सोडला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला: ही सिस्टीम कोणती? आणि स्वतःच उत्तर दिलं: मला माहीत नाही. आणि दार आपटून निघून गेला.

होईलरावाने इंटरनेटवर जाणकारांच्या एका गटात विचारलं. या सिस्टीमवर ही भाषा कोणी बांधली आहे का? एकाने उत्तर दिलं, नवा कॉम्प्युटर घ्या. दुसऱ्याने पहिल्याशी भांडण काढलं. ते बराच वेळ चाललं. तिसऱ्या कोणीतरी, कुठल्या देशातून कोण जाणे, एवढंच लिहिलं: "तुमच्याकडे तो अजून आहे? आमच्याकडचा कधीच गेला."

होईलराव त्या ओळीकडे उगाच बघत बसला. मग नाक पुसून कामाला लागला.

त्याने तपासनिसाला खोटं सांगायचं ठरवलं. ही सिस्टीम म्हणजे ती अमकी प्रसिद्ध सिस्टीम आहे ना, तिचीच चुलत बहीण, असं त्याने लिहून दिलं. तपासनीस खूश झाला. पुढे सरकला. प्रश्न विचारत सुटला. हे आहे का? आहे. ते आहे का? आहे. मग एका ठिकाणी त्याला तारांची चाचणी घ्यायची होती, तीही त्याने घेतली. चुलत बहिणीच्या पद्धतीने घेतली.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथले डॉक्टर तोंडाला मास्क लावून उभे होते.

"वहिनी, काही चाललंय का वर?" त्यांनी आईला विचारलं. "जिन्यातला दिवा डोळे मारतोय. माझी एक पेशंट बाई पायरीवरूनच परत गेली. आधीच लोक माझ्याकडे यायला घाबरतात, त्यात हे."

"मुलगा बेल दुरुस्त करतोय," आई म्हणाली.

"बरं बरं." डॉक्टर एकदम नरमले. त्यांना बेल माहीत होती. जिन्यात त्यांना रोज ऐकू यायची. "करू द्या. मी पेशंटला सांगतो, डोळे मिटून चढा."

दिवा थांबला. पण तपासनीस आता हट्टाला पेटला होता. त्याने विचारलं, फासे टाकून आकडा काढायची सोय आहे का? म्हणजे कधी तीन, कधी सतरा, कधी चाळीस, मनाला येईल तो आकडा देणारी. म्हातारबाकडे तशी सोय नव्हती. त्याने विचारलं, बाहेरच्या तारेवर काय आकडा येतोय तो वाचायची सोय आहे का? नव्हती. आधी या दोन्ही जागी बाबांनी आपल्या हाताने ठिगळं लावली होती. ठिगळं डिस्कबरोबर गेली.

शनिवार संपला. रविवारची दुपार कलायला लागली. ठिगळं नव्याने लावायची तर आठवडा हवा, आणि ताई तर बॅग भरून बसने निघालीसुद्धा होती. होईलरावाचं डोकं भणभणलं. मग त्याने विचार केला. फासे? दारावरची बेल वाजवायला फासे कशाला लागतात? बाबा काय जुगाराचा अड्डा चालवत होते? आणि बाहेरचा आकडा वाचून करायचंय काय? घड्याळ चालू आहे ना? सात वाजले की बेल. झालं.

त्याने दोन्ही जागी लिहून टाकलं: काहीही विचारलं तर शून्य सांग.

तपासनीस निमूट पुढे गेला. भाषा बांधून झाली. बाबांचा प्रोग्राम त्यात घातला, आणि तो एका फटक्यात चालू झाला. होईलराव खुर्चीत मागे रेलला. त्याला बाबांची फार आठवण आली. बाबा असते तर पाठीवर थाप मारून म्हणाले असते, "वाकडंतिकडं केलंस, पण केलंस."

मागच्या बाजूला पंपाची घरघर सुरू झाली. डिस्क गेल्यापासून पंप हाताने लावावा लागायचा, त्यामुळे ती घरघर ऐकून सगळ्यांना बरंच वाटलं. ताई आली तेव्हा दारातच म्हणाली, "अरे वा, पंपसुद्धा?"

"होईल म्हटलं होतं ना," होईलराव म्हणाला.

आईने त्या दिवशी घर झाडून काढलं. केस विंचरले. ठेवणीतली शाल काढली. बाबांना आवडायची ती भाजी केली, आणि पानं वाढली. चार वाढली. ताईने चौथ्या पानाकडे बघितलं आणि मान वळवली. घरातली तिघंही माणसं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेली. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी.

सात वाजले. मोठा काटा बारावर टेकला न टेकला तोच बेल वाजली. दोनदा. खणखणीत.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. होईलरावाच्याही आलं, पण तो म्हणाला की मॉनिटरकडे बघून डोळे चुरचुरतायत. दोघांनी आईकडे पाहिलं.

आई उठली नाही.

"बघ रे, कोण आलंय," ती म्हणाली.

"आई, बेल. सातची बेल. बाबांची."

"ती नव्हे ही."

"अगं तीच. तोच प्रोग्राम. एक अक्षर बदललं नाही मी."

"घड्याळ बघ," आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, जेवायला काय करू असं विचारल्यासारखा. "ठोक्याला सात. तुझे बाबा उभ्या आयुष्यात कधी ठोक्याला आले होते का? आमच्या लग्नालासुद्धा उशिरा आले. सगळे म्हणाले, मुलगा पळाला. माझे वडील काठी घेऊन रस्त्यावर उभे होते."

"पण तू तर सातची बेल म्हणतेस."

"म्हणायला सातची रे. वाजायची कधीही. कधी सात-पाचला, कधी साडेसातला. एकदा तर आठ वाजत आले होते, मी भाजी दोनदा गरम केली. कधी वाजेल ते कळायचं नाही. म्हणून तर कान लावून बसायचं असतं ना." ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बरोबर सात वाजले हे सांगायला भिंतीवर घड्याळ आहे माझ्या. त्यासाठी ते कशाला हवेत."

होईलरावाच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. फासे. बाबांनी म्हातारबाला रोज संध्याकाळी फासे टाकायला शिकवलं होतं. पडेल तेवढी मिनिटं थांब, मग वाजव. रोज नवा उशीर. बस कधी चुकेल याचा नेम नाही.

"आई, मी तिथे शून्य लिहिलं," तो म्हणाला.

"कुठे?"

"बाबांच्या उशिराच्या जागी."

वाढलेल्या पानांतून वाफ येत होती ती हळूहळू बंद झाली. शेवटी ताईने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "चल माझ्याकडे," ती म्हणाली. "चार दिवस. बरं वाटेल तुला."

आईने मान हलवली. हो म्हणून हलवली. होईलरावाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. एवढं मोठं शून्य त्याने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली.

सात वाजून गेले होते. किती ते कोणी पाहिलं नाही. पुन्हा वाजली. आईचा हात केसांकडे गेला, शाल सावरत ती उठलीसुद्धा, आणि या दोघांना काही कळायच्या आत तिने दार उघडलं.

"उशीर झाला," तिच्या तोंडून निघून गेलं.

"उशीर?" दारात दातांचे डॉक्टर उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत निथळत. मास्क भिजून हनुवटीला चिकटलेला. "अहो वहिनी, मी मघापासून खालून बोंबलतोय. तुमची टाकी भरून वाहतेय. सगळं पाणी माझ्या मागच्या खिडकीतून थेट खुर्चीवर. पेशंट तोंड उघडून बसला होता. त्याला वाटलं, चूळ भरायची नवी सोय केली."

होईलराव ताडकन उठला. टाकीत पाणी किती आहे तो आकडा बाहेरच्या तारेवरून यायचा. आणि त्या जागीही त्याने शून्य लिहिलं होतं. म्हातारबा दुपारपासून भरलेल्या टाकीला रिकामी समजून इमानदारीने पाणी भरत बसला होता.

पंप बंद करून तो परत आला तेव्हा आई दाराला धरून हसत होती. असं हसताना तिला कोणी वर्षभरात पाहिलं नव्हतं. हसता हसता ते हसू कुठेतरी वळलं, आणि ती रडायला लागली. दार धरून, मोठ्याने, लहान मुलासारखी. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी विचारत होती. ताई तिला धरून उभी राहिली. डॉक्टर बिचारे घाबरून म्हणाले, "वहिनी, एवढं काही नुकसान नाही झालं हो. खुर्ची पुसली की झालं."

आईने शालीने डोळे पुसले. "आत या, डॉक्टर," ती म्हणाली. "टॉवेल देते. आणि जेवून जा, पान वाढलेलंच आहे."

डॉक्टर चौथ्या पानावर बसले. टॉवेल गुंडाळून बसले. आईने भाजी पुन्हा गरम केली, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतः जेवली. दोनदा भाजी घेतली. ताई तिच्या घासांकडे बघत राहिली, आणि जेवण झाल्यावर तिने बॅग दाराजवळून उचलून आतल्या खोलीत ठेवली. होईलराव खाली जाऊन दवाखाना पुसत होता. पेशंट अजून खुर्चीतच होता आणि त्याला दाताचं काम पूर्ण करूनच हवं होतं.

सोमवारी ताई एकटी परत गेली. जाताना म्हणाली, "महिनाभर बघते. फोनवर रोज विचारणार, जेवलीस का."

"पंप तेवढा नीट कर," आईने होईलरावाला सांगितलं. "म्हातारबाकडून बेलला जाणारी तार काढून ठेव. ठोक्याला वाजणारी नको मला. फासे का काय म्हणालास ते जमले की लाव परत."

होईलराव होईल म्हणणार होता. पण तोंडातून निघालं, "बघतो."

त्या आठवड्यात एका संध्याकाळी साहेबांनी नवं काम पुढ्यात टाकलं. होईलराव म्हणाला, "उद्या." ऑफिस चाट पडलं. तो बाहेर पडला, स्कूटर काढली, घराखाली लावली, जिना चढला. जिन्यातला दिवा सरळ जळत होता. दारासमोर उभं राहून त्याने सवयीने खिशातून किल्ली काढली. कुलपापर्यंत नेली.

मग परत खिशात टाकली, आणि बेलवर बोट ठेवलं. दोनदा.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग जरा वेळ काहीच नाही, म्हणजे केस सारखे करणं चाललं असावं. दार उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"बस चुकली," होईलराव म्हणाला.

"तू स्कूटरने जातोस," आई म्हणाली. "हात धू, पानं घेते."